सर्क्युलरभाऊ

शाळेचं पत्रक निघण्याआधीच ते निघणार असल्याची खबर सर्क्युलरभाऊंना लागलेली असते. ‘उद्या दुपारी सत्रअखेरचं सर्क्युलर येतंय, कुणी घाबरून जाऊ नये’ असा त्यांचा निरोप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि तोवर घाबरण्याचा विचारही ज्यांच्या मनात नव्हता ते पालक घाबरतात. मग पत्रक येतं. वार्षिक परीक्षा सुरळीत पार पडली, निकाल अमुक तारखेला, पुस्तकं तमुक तारखेपासून, नवा वर्ग एप्रिलमध्ये, सहकार्याबद्दल आभार. सगळं मिळून दीड पान. तुमच्याआमच्यासारखा माणूस ते लिफ्टमध्ये वाचतो आणि लिफ्टमधून उतरताना विसरतो. भाऊ ते बसून वाचतात. चष्मा लावून वाचतात. मग प्रिंट काढून, पिवळ्या हायलायटरनं रंगवून पुन्हा वाचतात. रात्री नवाच्या सुमारास ग्रुपवर त्यांचं भाष्य उतरतं, ते तीन पानांचं असतं.

हे भाऊ म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. सौदीत जुबैलला एक आहेत. खोबरला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. पुण्यात शोधलं तर सोसायटीगणिक सापडतील. पण कतीफचे भाऊ अस्सल, कारण या मातीत तो वाण विशेष जोमानं वाढतो.

कतीफ हे आखाताच्या काठावरचं खजुराच्या बागांचं जुनं गाव. शेजारी तारूत बेट, त्यावर पोर्तुगीजांच्या नावानं ओळखला जाणारा किल्ला, आणि सगळ्या पूर्व प्रांतात नावाजलेला मासळीबाजार. मराठी घरं मोजकीच. कुणी रास तनुऱ्याला कंत्राटदाराकडे, कुणी जुबैलच्या कारखान्यांत, कुणी इस्पितळात. मुलांची भारतीय शाळा मात्र दम्मामला. सौदीतल्या अशा काही मोठ्या शाळा भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालतात. अभ्यासक्रम सीबीएसईचा, मुलं हजारांनी. कतीफच्या पालकाला शाळेचं दर्शन होतं ते दोनदाच: पहाटे व्हॅन येते तेव्हा आणि पत्रक येतं तेव्हा. व्हॅनचा मल्याळी ड्रायव्हर फारसं बोलत नाही. राहिलं पत्रक.

त्यात भाऊंचा पेशा. ते बहुधा सेफ्टीत असतात, नाहीतर क्यूसीत, नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशनला. म्हणजे परमिटवर सही झाल्याखेरीज पाइपाचं झाकण उघडायचं नाही, आणि उघडलंच तर कुणी, किती वाजता, कुणासमक्ष उघडलं ते लिहून ठेवायचं, अशा कामात. घरी यावं तर तिथे इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची मुदत, एक्झिट-रीएंट्री व्हिसाचे दिवस, गाडीचा इस्तिमारा, विम्याचं कार्ड. आखातात राहणाऱ्याचं घर, नोकरी, बायकोमुलांचं सोबत असणं, सगळं कुठल्या ना कुठल्या तारखेला संपतं आणि शिक्का बसला की पुन्हा सुरू होतं. अशा माणसापुढे शाळेचं दीड पान ठेवलं, तर तो ‘चला, पोरगी पास झाली’ म्हणून ते बाजूला सारेल ही अपेक्षाच चूक. तो आधी विचारतो, सही कुणाची आहे?

भाष्याचा एक नमुना बघा. पत्रकातलं वाक्य साधं असतं: निकालाच्या दिवशी पालकांपैकी एकानं सकाळी आठ ते अकरा या वेळेत शाळेत यावं. त्यावर भाऊ लिहितात:

‘मुद्दा १. एकानं म्हणजे आई किंवा वडील. काका, मामा, शेजारी चालणार नाहीत. ज्यांची मिसेस इंडियात आहे आणि ज्यांना त्या दिवशी ड्युटी आहे त्यांचं काय, हे पत्रकात नाही. मुद्दा २. आठला गेट उघडतं, टीचर साडेआठला बसतात, पण कतीफकरांनी पावणेसातलाच निघावं. सैहातपाशी ट्रॅफिक असतो. मुद्दा ३. अकरानंतर काय, याबद्दल पत्रक मौन बाळगतं. मी लेखी विचारणा केली आहे.’

लेखी विचारणा केल्याशिवाय भाऊंना झोप येत नाही. ‘उत्तर आलं का हो भाऊ?’ असं कुणी दुसऱ्या दिवशी विचारलं तर ते समाधानानं सांगतात, ‘पोचपावती आली.’

भाऊंचा सुवर्णकाळ २०१८च्या आधीचा. मुलींच्या शाळेत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही हा तेव्हा देशाचाच शिरस्ता, आणि बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली ती २४ जून २०१८ला. त्याआधी निकालाच्या दिवसाचं चित्र ठरलेलं असे. बापानं रजा टाकायची, गाडी हाकत बायकोला दम्मामला आणायचं, आणि निकाल आत लागत असताना आपण बाहेर पार्किंगमध्ये सावली हुडकत उभं राहायचं. त्या पार्किंगमध्ये भाऊ गाडीच्या बॉनेटवर पत्रकाची रंगवलेली प्रत पसरून उभे असत. भोवती सोलापूरचे, नागपूरचे, हैदराबादचे, कोट्टायमचे बाप. सगळ्यांना आत काय चाललंय ते कळत नसल्यामुळे भाऊंना जे कळे त्याला मोल होतं. ‘देखो, ए-वन मतलब एक्क्याण्णव से शंभर. ए-टू मतलब एक्क्याऐंशी से नव्वद.’ व्याकरण हिंदी, आकडे रत्नागिरी जिल्ह्याचे. कोट्टायमचा गृहस्थ गंभीरपणे मान हलवी. त्याला काय कळे ते त्यालाच ठाऊक, पण दर वर्षी तो भाऊंच्याच गाडीपाशी येऊन उभा राही.

मग आतून आया बाहेर येत. पाच मिनिटांत खऱ्या बातम्या फुटत. वर्गाच्या बाई लग्न करून कायमच्या चाललेल्या असत. कुणाची मुलगी वर्षभर डबा स्वतः न खाता शेजारणीला चारत होती, हे डब्याच्या मालकिणीला त्या दिवशी समजे. गणितात कच्चा म्हणून घरी बोलणी खाणारा मुलगा अरबी अक्षरं वर्गात सगळ्यांत सुरेख काढतो, असंही कळे. यातलं एकही वाक्य भाऊंच्या प्रतीत नसे. ते मिसेसचं सगळं ऐकून घेत आणि विचारत, ‘ते असू दे. पुस्तकं पहिली ते तिसरीची आधी की चौथी-पाचवीची?’ मिसेसनी ते विचारलेलं नसे. ‘बघा,’ भाऊ इतर बापांकडे वळून म्हणत, ‘आत जाऊन उपयोग काय?’

हल्ली मिसेस स्वतः गाडी काढतात. पार्किंगमधली सभा मोडली, भाऊ पूर्णवेळ ग्रुपवर आले.

निकालाचा खरा पेच मात्र घरी फोन लावल्यावर पडतो. चिपळूणहून आजी एकच प्रश्न विचारते, ‘कितवी आली?’ आजीच्या हिशेबी निकाल १ मेला लागतो. झेंडावंदन होतं, गुरुजी पहिला, दुसरा, तिसरा अशी नावं पुकारतात, उरलेल्यांना ‘वरच्या वर्गात घातले’ म्हणतात, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही होते आणि गल्लीत पेढे फिरतात. तिला कोण सांगणार की नंबर काढण्याची पद्धत आता मोडीत निघालीय? सीबीएसईनं २००९मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, २०१७मध्ये ते गुंडाळलं, श्रेण्या मात्र लहान मुलांच्या कागदावर राहिल्या त्या राहिल्याच. महाराष्ट्रातही २०१०पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी. त्या नोंदींचे तयार नमुने गुरुजींच्या मोबाइलवर फिरत असतात, त्यामुळे एका तालुक्यातली सगळी मुलं ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी’ होतात. (मला स्वतःला या नोंदी आवडतात. आमच्या वेळच्या प्रगतिपुस्तकात शेरा एकच असे, ‘अभ्यास वाढवा’, आणि तो पहिल्या आलेल्यालाही असे.) तर भाऊ आजीला सांगतात, ‘ए-टू आली.’

‘दुसरी आली!’ आजी घरभर ओरडते. पेढे आणले जातात.

भाऊंना हे खोटं सहन होत नाही. आजीला कितवी ते हवंय ना, मग खरं कितवी ते काढायचं. त्यासाठी एक्सेल उघडलं जातं आणि ग्रुपवर ‘केवळ माहितीसाठी, नावं गुप्त राहतील’ म्हणून श्रेण्या मागवल्या जातात. कुणी देत नाही. भाऊ खचत नाहीत, शुक्रवार पहाटेची वाट बघतात. शुक्रवारी पहाटे कतीफच्या मासळीबाजारात पूर्व प्रांतातलं निम्मं कोकण भेटतं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, कनअद म्हणजे सुरमई, आणि ऑगस्ट ते जानेवारी कोळंबी. पहिल्यांदा आलेला मालवणी माणूस या बाजारात उभा राहिला की सौदीबद्दलच्या त्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. माणूस मासा निवडताना सावध नसतो, हे भाऊंनी हेरलेलं आहे. ‘अरे वा, सुरमई! म्हणजे निकाल चांगला दिसतोय,’ ते गल्ल्यापाशी गाठतात. ‘सायन्सला काय मग, ए-टू?’ समोरच्याच्या तोंडून ‘नाही हो, बी-वन’ निघून जातं आणि एक्सेलचा एक रकाना भरतो.

पहिल्या गणितात भाऊंची लेक चौदावी आली. हे काही बरोबर वाटेना. भाऊंनी ‘शिस्त’ या रकान्याला दुप्पट वजन दिलं, ती नववी आली. ‘कार्यानुभव’ला तिप्पट दिलं, चौथी आली. इथे भाऊंच्या सचोटीनं हात धरला. त्यांनी चिपळूणला फोन लावून पद्धत समजावली आणि शेवटी निकाल सांगितला, चौथी.

‘गेल्या खेपेला दुसरी होती,’ आजी म्हणाली. ‘घसरली हो पोर. तुमचं लक्ष नाही.’

मग २०२० उजाडलं. २ मार्चला सौदीतला पहिला करोना रुग्ण सापडला तो कतीफचा, आणि ८ मार्चला सगळा कतीफ जिल्हा बंद झाला. गावच्या माणसाला बाहेरून घरी यायला मिळे, आतल्याला बाहेर पडायला मिळत नसे. दुसऱ्या दिवसापासून देशभरच्या शाळा बंद. ज्यांची नोकरी जुबैलला ते इथे अडकले, जे तिकडे होते त्यांनी ठरवायचं, परत येऊन अडकायचं की बाहेरच राहायचं. त्या दिवसांत भाऊंची चेष्टा कुणी केली नाही. सरकारची घोषणा आली की तासाभरात ती मराठीत, क्रमांक घातलेल्या मुद्द्यांत, ग्रुपवर असे. कुठली बकाला (किराणा दुकान) उघडी, औषधासाठी बाहेर पडायचं तर काय करायचं, पगार कापला गेला तर कुणाला लिहायचं. आणि मुद्द्यांच्या शेवटी न चुकता: ‘अफवा पुढे पाठवू नये. शंका असल्यास मला फोन करावा, रात्री कितीही वाजता.’ फोन येत. भाऊ उचलत. एरवी त्यांच्या मेसेजला कंटाळून ग्रुप म्यूट केलेल्या लोकांनी तो पहिल्यांदा उघडला तो त्या मार्चमध्ये.

१ एप्रिलला सीबीएसईनं जाहीर केलं की पहिली ते आठवीची सगळी मुलं वरच्या वर्गात. ग्रुपवर पोरांच्या नाचण्याचे व्हिडिओ आले. भाऊ तेवढे हळहळले. वर्षभर पदरमोड करून, नको तेव्हा सुरमई घेऊन जमवलेलं एक्सेल फुकट गेलं होतं. ‘निकालाशिवाय बढती हा घातक पायंडा आहे,’ असं त्यांनी लिहिलं. कोट्टायमच्या गृहस्थानं त्याला अंगठा दिला. ते मराठीत होतं.

गावाकडच्यांना वाटतं, निकाल लागला म्हणजे सुट्टी लागली. इथे तसं नसतं. निकाल मार्चमध्ये आणि चार दिवस श्वास घेतला की एप्रिलमध्ये नवा वर्ग. २०२५ला तर ३० मार्चला पाडवा आणि ईद एकाच दिवशी आली. भाऊंच्या त्या दिवशीच्या संदेशात गुढी, चंद्र आणि नव्या वह्यांची यादी अशा क्रमानं सगळं होतं. मोठी सुट्टी लागते ऊन पन्नाशीकडे निघाल्यावर, जून सरता सरता किंवा जुलैत. म्हणजे आखाताची मुलं कोकणात पोचतात तेव्हा हापूस संपलेला, पाऊस कोसळत असलेला आणि चुलतभावंडांच्या शाळा सुरू झालेल्या. दोन महिने पडवीत बसून ती भावंडं शाळेतून परत यायची वाट बघतात. पाहुण्यांच्या मुलांसाठी आजी फ्रीजमध्ये आंब्याचा रस गोठवून ठेवते, तो वीज जाते त्या रात्री वितळतो.

म्हणून सुट्टीचं पत्रक भाऊंच्या लेखी निकालाहून मोठं. त्यात छोट्यांसाठी सुंदर गोष्टी असतात. एक झाड लावा, आजी-आजोबांची मुलाखत घ्या, प्रवासाचं चित्र काढा. भाऊ हे सगळं ओलांडून तडक तारखेवर जातात. शेवटचा दिवस गुरुवार आहे की रविवार, यावर तिकिटाचे पाच-सहाशे रियाल वरखाली होतात. एक्झिट-रीएंट्री दोन महिन्यांची २०० रियालला, त्यापुढे महिन्याला १००. शाळा उघडण्याची तारीख दोन दिवस जरी पुढे सरकली तरी माणशी १०० वाढतात. ‘दम्मामचा विमानतळ ७७६ चौरस किलोमीटर,’ भाऊ नव्या पालकांना सांगतात. ‘आपली मुंबई उपनगरासकट ६०३. मुंबई आत मावेल, वर जागा उरेल. आणि तिकीट मागायला जावं तर म्हणतात, सीट नाही.’

एका पत्रकावर मात्र भाऊंनी भाष्य केलं नाही. ते शाळेचं नव्हतं. जुलै २०१७पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर सरकारनं शुल्क बसवलं: माणशी महिना १०० रियाल, दर जुलैत १००नं वाढत २०२०ला ४००. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाचे १४,४००, तेही इकाम्याच्या नूतनीकरणाबरोबर आगाऊ. त्या रात्री भाऊंनी ग्रुपवर फक्त एक्सेल टाकलं. खाली एकही मुद्दा नव्हता.

पुढच्या मार्चपासून निकालाबरोबर शाळा सोडल्याच्या दाखल्याचे अर्ज वाढले. दाखला हे खातं आपोआप भाऊंकडे आलं. अर्ज कधी करायचा, फीची बाकी कुठे भरायची, नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, गावच्या शाळेला आधी फोन करा, आणि तिकीट दाखला हातात पडल्यावरच काढा. लोक रात्री गुपचूप त्यांना खासगीत मेसेज करत, कारण घरी पाठवणी ठरलीय हे ग्रुपवर सांगायला कुणाला आवडत नसे. भाऊंनी ते कधी फोडलं नाही. जिथे तिथे मुद्दे काढणारा हा माणूस त्या बाबतीत पक्का मुका होता. मासळीबाजारातही.

आणि मग एका मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या घराचा अर्ज भरला. मिसेस मुलांना घेऊन चिपळूणला गेल्या. भाऊ सफव्याला तिघांत मिळून एका फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि आखाताच्या भाषेत पुन्हा बॅचलर झाले, वय पंचेचाळीस. शाळेशी त्यांचा संबंध संपला असं आपल्याला वाटेल. पण वर्गाच्या ग्रुपमधून त्यांना काढणार कोण, ॲडमिन तेच आहेत. दर एप्रिलला नवी माणसं त्यात येतात, नांदेडची, कोल्हापूरची, आणि आठवड्याभरात त्यांना कळून चुकतं की इथे एक गृहस्थ आहेत ज्यांना सगळं ठाऊक असतं.

‘भाऊ, तुमची मुलगी कुठल्या डिव्हिजनला?’ कुणी नवी आई विचारते.

‘मुद्दा ४ वाचलात का?’ भाऊ उलट विचारतात. ‘मोज्यांचा रंग बदललाय.’

लेकीचा निकाल आता आजीच्या हिशेबानं लागतो, १ मेला, झेंडावंदनानंतर. सौदीत त्या दिवशी सुट्टी नाही, आणि प्लांटमध्ये मोबाइल न्यायची बंदी. जेवणाच्या सुट्टीत भाऊ गेटबाहेर येऊन फोन सुरू करतात, तोवर मिसेसनी निकालपत्रकाचा फोटो पाठवलेला असतो, थोडा तिरका. ते बोटांनी मोठा करून बघतात आणि फोन लावतात.

‘अगं, खालची ओळ कापली गेलीय फोटोत.’

‘कुठली खालची?’

‘शाळा पुन्हा कधी उघडते ती. पंधरा जून की सोळा?’

‘अहो, आधी पोरीचे मार्क तरी विचारा!’

‘मार्क तिचे तिच्याकडेच राहणार आहेत,’ भाऊ म्हणतात. ‘रजा माझी मुदीरसाहेबांकडे अडकलीय. नीट बघून वाच.’